पूजेत बसवलेला नांगर

मी फिटर आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं जो शहाणपणा केला तो कुठून आला ते कळेल. कुरकुंभच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सला माझं आयुष्य गेलं. पंप अडला, व्हॉल्व्ह गळायला लागला, की मॅनेजरपासून हेल्परपर्यंत सगळे माझ्या तोंडाकडं बघतात. वर्षानुवर्षं असं झालं की माणसाला वाटायला लागतं, घरी, रस्त्यावर, लग्नात, मयतीतसुद्धा लोकांनी आपल्याच तोंडाकडं बघावं. मला तसं वाटायचं. अजूनही वाटतं, फक्त आता त्याची लाज वाटते.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. फौजेत इंजिनिअर पलटणीत होता, हवालदार म्हणून रिटायर झाला आणि शिरूरला घर बांधून राहिला. आमच्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो, तसा तोही मेजर झाला. घराला रंग देऊन चार वर्षं झाली नसतील, तोच वहिनी गेली. ताप म्हणून दवाखान्यात नेली ती परत आलीच नाही. पोरगी सासरी, लांब. मग दादा घरात बसला तो बसलाच. दौंडहून मी रविवारी मोटारसायकल हाणत जायचो, न्हावऱ्याच्या रस्त्यानं पाठ मोडून घेत, आणि हा माणूस दोन शब्दांच्या वर बोलायचा नाही. खोटं कशाला बोलू, मला त्याची दया कमी आणि राग जास्त यायचा.

अशात एक दिवस त्याचा फोन आला, "बोट घेतली."

मला वाटलं डोकं फिरलं याचं. शिरूरला बोट? पण खरंच घेतली होती. पलटणीत असताना तो शिडाची बोट चालवायला शिकला होता, शर्यतींना वगैरे जायचा. पुण्यातल्या कुठल्याशा क्लबानं मोडीत काढलेली एक फायबरची बोट त्याच्या फौजेतल्या जोडीदारानं बघून ठेवली, आणि दादानं ती टेम्पोत घालून थेट घोड नदीच्या धरणावर आणली. लांबी चौदा फूट, एक डोलकाठी, दोन शिडं. पहिल्या रविवारी मला त्यात बसवलं आणि माझ्यावर जे ओरडायला लागला! "डोकं खाली! दोरी सोड! अरे ती न्हाई, दुसरी! फिटर कुणी केला रं तुला?" मी शिव्या खात होतो आणि मला आतून इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. दोन वर्षांत या माणसाचा आवाज मी ऐकला नव्हता. परत येताना त्यानं माझ्या मुलीच्या कॉलेजची चौकशी केली, बायकोच्या गुडघ्याची केली. दादा परत माणसात आला तो त्या पाण्यामुळं. हे मला तेव्हाही कळत होतं. सगळं कळत होतं मला.

पण पाणी काही आमचं नव्हतं. पलीकडच्या काठाला मासे धरणाऱ्यांची दहा-बारा घरं आहेत. त्यांची जाळी पाण्यात लावलेली असतात, वर नुसते थर्माकोलचे तुकडे तरंगताना दिसतात. त्यांच्यातले जाणते आबा, वयानं सत्तरीच्या पुढचे, पहिल्याच दिवशी होडी वल्हवत आमच्याकडं आले. बोलणं एकदम गोड, पण मुद्दा सोडला नाही.

"मेजर, फिरवा बोट, आमची काय ना न्हाई. पर जाळ्यावर आली न्हाई पायजे. येकदा जरी आली तरी मग बोट पाण्यात दिसायची न्हाई. आमचं प्वाट हाय ते."

दादानं त्यांच्या हातावर हात मारला. म्हणाला, "शब्द."

आता शिडाची बोट एका जागी थांबवायची म्हणजे नांगर पाहिजे. शीड उतरवलं तरी डोलकाठीला आणि बोटीच्या अंगाला वारा लागतोच, आणि ती आपली निघाली कुठंही. म्हणजे दादाचा शब्द टिकणार होता तो नांगरावर. दादा म्हणाला, "पुण्यात तयार मिळतो, हलका असतो. घेऊन येऊ." मला ते झोंबलं. घरात फिटर असताना नांगर विकत आणायचा? लोक काय म्हणतील? लोक काहीच म्हणणार नव्हते. लोकांना नांगर म्हटलं की बैलं कुठंयत एवढंच सुचत होतं. पण मी म्हणालो, "मी करतो. तू गप बस."

पहिला केला तो चार आकड्यांचा. विहिरीत बादली पडली की काढायला गळ टाकतात ना, तसलाच, पण दणकट. मोठ्या ऐटीत टाकला, दोरी ओढली, आणि तो पसाभर काळा चिखल घेऊन हात हलवत वर आला. धरणाचा तळ म्हणजे नुसता गाळ, त्यात आकडे धरणार कशाला? तीनदा टाकला, तीनदा तेच. दादानं शांतपणे विचारलं, "सापडली का बादली?"

मग मात्र मी खाली मान घालून त्याचं ऐकलं. त्यानं एका लग्नपत्रिकेच्या मागं चित्र काढून दिलं. दोन रुंद, चपटे फाळ, मधे लांब दांडा, आणि फाळ खिळीवर फिरणारे. नांगर तळाला पडला की फाळ उघडतात, आणि बोट जितकी ओढेल तितके ते गाळात खोल घुसतात. दौंडात ओळखीच्या वेल्डिंगवाल्याकडं चार संध्याकाळी बसून मी ते काम केलं. धारा घासल्या, खिळीला दोन्हीकडून वॉशर टाकले, जस्ताचा मुलामा करून घेतला. वजन सहा किलो भरलं. चांगलं काम झालं होतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

दादा म्हणाला, दोरी थेट नांगराला बांधली तर ओढ वरून लागते आणि फाळ उपटून येतात, म्हणून मधे दोन मीटर साखळी घालायची. तिच्या वजनानं दांडा तळाला पडून राहतो. साखळीच्या शॅकलची, म्हणजे जोडकडीची, पिन आपोआप फिरून सुटू नये म्हणून ती तारेनं आवळायची. दोरी नायलॉनची, बोटाएवढी जाड, आणि पाणी जितकं खोल त्याच्या निदान पाचपट लांब. ती त्यानं हात पसरून वावेत मोजली, आणि दर पाच वावेला लाल चिंधी बांधली. मी टेप दिला तर म्हणाला, "पाण्यात टेप कुणी धरायचा?"

ठेवण्यावरून तर आमची भांडणंच झाली. दोरी गोल टबात ठेवायची, तीसुद्धा अशी की तिचं शेवटचं टोक आधी डोलकाठीच्या बुडाला पक्कं बांधायचं आणि मग घडीवर घडी टाकत यायचं, म्हणजे सोडताना गुंता होत नाही. नांगर टबाच्या शेजारी आडवा, फाळ खाली, आणि एकाच सुरगाठीनं बांधलेला, ओढली की सुटली पाहिजे. त्याच्यावर काही म्हणजे काही ठेवायचं नाही. मी एकदा जेवणाचा डबा ठेवला तर केवढा कडाडला. "हितं डबा? उद्या वारा आला तर डबा टाकशील का पाण्यात?" मला राग आला, पण दुसऱ्या रविवारी डबा मागं ठेवला.

आणि तो नांगर धरायचा, बरं का. असा धरायचा की आम्ही दोघांनी पुढं उभं राहून ओढलं तरी हलायचा नाही. आबा एकदा होडी शेजारी लावून बघत होते. म्हणाले, "लईच भारी केलाय. आमी आपलं धोंडा टाकतो." मी हसलो. म्हणालो, "आबा, धोंडा तुमच्या होडीला ठीक आहे. डोलकाठीवाल्या बोटीला धोंडा म्हणजे गंमत आहे." आबाही हसले. तो उन्हाळा आणि पावसाळा असा गेला. एकदासुद्धा बोट जाळ्याच्या जवळ गेली नाही.

नवरात्र आलं. आम्हा हत्यारवाल्यांचा खरा सण खंडेनवमी. कंपनीत मशीनला हार, घरी पान्यांना हार. मी दरवर्षी सगळी हत्यारं घासूनपुसून, तेल लावून पाटावर मांडतो, हळदकुंकू, झेंडू, नारळ. शिफ्टचे दोस्त प्रसादाला येतात. त्या वर्षी माझ्या डोक्यात आलं की नांगर पूजेत ठेवायचा. भक्ती वगैरे काही नाही. मला तो दोस्तांना दाखवायचा होता.

नवमीच्या आधीच्या रविवारी मी शॅकलची तार सोडली आणि नांगर साखळीसकट पोत्यात घातला. दादा म्हणाला, "हितंच करू की पूजा, बोटीवर. झेंडू मी आणतो."

"घरात सगळी हत्यारं एकत्र असतात," मी म्हणालो. "हे एकटंच बाहेर कसं ठेवायचं?"

"मग दसऱ्याला सकाळी आण. मला पलीकडं सोनं द्यायला जायचंय."

वहिनी गेल्यापासून दादानं कुणाला सोनं दिलं नव्हतं. आपट्याची पानं घेऊन तो बोटीनं मासेवाल्यांच्या वस्तीवर जाणार होता, हे त्यानं मला आठ दिवसांत तीनदा सांगितलं होतं. मी म्हणालो, "आणतो की. दहा वाजता हजर."

नवमीला माझा नांगर पूजेच्या मधोमध बसला. जस्त चमकत होतं. दोस्त आले, पेढे खाल्ले, "आयला, हे काय नवीन?" म्हणाले, आणि मी खिळी, कोन, फाळ, गाळ सगळं तासभर सांगितलं. एक जण म्हणाला, "मास्टर, पेटंट घ्या." माझी छाती ही एवढी झाली.

दसऱ्याच्या सकाळी उठायला उशीर झाला. मग उत्तरपूजा, मग मेहुणा आला, मग श्रीखंड-पुरी. पुरीवर पुरी खाल्ल्यावर शिरूरपर्यंत जायची कुणाची इच्छा असते? दहा कधीच वाजून गेले होते. दादाचा फोन आला. आणि मी काय म्हणालो माहितीय? मी म्हणालो, "दादा, पूजेतलं लोखंड आज हलवत नाहीत. उद्या सकाळी आणतो."

हे धादांत खोटं होतं. उत्तरपूजा झाली की हत्यार उचलायला मोकळं. दादालाही ते माहीत असणार, आमच्याच आईनं दोघांना शिकवलं होतं. पण तो नुसतं "बरं" म्हणाला. मी त्याला बोट काढू नकोस म्हणालो नाही. वाऱ्याचंही काही म्हणालो नाही. फोन ठेवला आणि आडवा झालो.

पुढचं मला नंतर कळलं. दादानं काठावरचा एक मोठा धोंडा दोरीला बांधला आणि निघाला. पलीकडच्या काठाला गुडघाभर गाळ आणि बुडालेल्या बाभळींचे खुंट, तिथं बोट काठाला लावता येत नाही. म्हणून त्यानं जरा आत धोंडा टाकला, शिडं उतरवली, आणि आबा स्वतः होडी घेऊन त्याला न्यायला आले. वस्तीवर त्यानं घरोघर पानं दिली. बायांनी ओवाळलं. जेवायला बसवला. आणि दुपार कलल्यावर परतीच्या पावसाचा वारा सुटला.

गाळावरून धोंडा सरकत गेला आणि बोट जाळ्यांवर गेली. नवरात्रात लोक मासे खात नाहीत, आणि नवरात्र उठलं की नुसते तुटून पडतात, म्हणून मासेवाल्यांनी त्याच दिवशी होती नव्हती ती सगळी जाळी पाण्यात लावली होती. सुकाणू अडकलं, बोट फिरली, आणि एकात दुसरं, दुसऱ्यात तिसरं करत पाच जाळी फाटली. दादा पाण्यात उडी मारून पोहत गेला, या वयात, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो तेव्हा आमच्या बाजूच्या काठावर आबा आणि त्यांची तीन-चार माणसं उभी होती. जाळी काठावर ढीग करून टाकलेली. दादा बाजूला, कालचाच शर्ट. माझ्या मोटारसायकलला मागं पोतं बांधलेलं होतं आणि त्यात नांगर होता.

आबांचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. दादाला म्हणाले, "मेजर, तुमचा त्यो लोखंडी नांगर कुठं हुता काल?"

दादानं माझ्याकडं बघितलं.

सगळ्यांनीच माझ्याकडं बघितलं. आयुष्यभर मला हवं होतं तसं, सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. "माझ्या घरी होता" एवढे तीन शब्द बोलायचे होते. नांगर मी नेला, शोभेला नेला, आणतो म्हणालो आणि जेवून झोपलो. आबांनी दोन शिव्या दिल्या असत्या. कदाचित म्हणालेही असते की मेजरची चूक नाही. मला ठाऊक होतं की इथं बोट गेली तर दादा परत त्या घरात जाऊन बसेल. एवढं ठाऊक असून माझी दातखीळ बसली. बसली तर बसली, पण मग जी उघडली तिनं काय केलं बघा.

मी म्हणालो, "मी याला कायम सांगत आलोय, नांगर नसेल तर बोट काढू नको."

कधी सांगितलं होतं? कधीच नाही. ते वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मला वाटलं, आत्ता दादा माझी कानफाडं फोडणार. फोडायला पाहिजे होती. तो तसाच उभा राहिला, बराच वेळ. मग आबांकडं वळून म्हणाला, "चूक माझी हाय आबा. शब्द मी दिला हुता."

आबा म्हणाले, "बोट भाईर काढा मेजर. आमाला बी वाईट वाटतंय."

त्यांच्याच माणसांनी हात लावून बोट वर ओढली. मीही लावला हात. पोतं मोटारसायकलवरच राहिलं, ते कुणी उघडून बघितलं नाही, आणि मी तसंच ते दौंडला परत नेलं. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहितो. न्हावऱ्यापर्यंत तर मी मनात दादालाच शिव्या घालत होतो, की एक दिवस थांबायला काय झालं होतं याला.

त्यानंतर पुढचे कितीतरी दिवस दादा रोज सकाळी वस्तीवर जाऊन बसायचा आणि त्यांच्याबरोबर जाळी विणायचा. विणता येत नव्हतं, शिकला. शेवटचं जाळं झाल्यावर जायचा बंद झाला. हे मला आबांकडून कळलं, दादाकडून नाही. बोट त्याच्या त्या जोडीदारानं टेम्पो आणून पुण्याला नेली. मी फोन करायचो तर "बरं आहे", "हो", "ठेवतो". दिवाळीला गेलो तर घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "मेजर आताशा कुठं जात न्हाईत वो, आज कसं काय गेलं." तो मुद्दाम गेला होता हे मला कळलं, आणि तरी मी तिच्यासमोर हसून साजरं केलं.

माघ सरत आला तेव्हा माझ्यानं राहवेना. झोप लागायची नाही. बायको म्हणाली, "अहो, एकदा जाऊन बोलून या, नाहीतर तुम्ही आजारी पडाल." तिलाही मी पूर्ण खरं सांगितलेलं नव्हतं. एसटीनं शिरूरला गेलो. दादा घरी नव्हता. शेजारणीनं बाजारात बघा म्हणून सांगितलं. आठवडी बाजार होता. भाजीच्या ओळीत तो सापडला. हातात पिशवी, दाढी वाढलेली, वाकून मेथीच्या जुड्या बघत होता. वाकलेला मी त्याला कधी बघितला नव्हता. फौजी माणूस, पाठ कायम सरळ.

मी शेजारी जाऊन उभा राहिलो. त्यानं बघितलं आणि परत जुडी उलटी करून देठं बघायला लागला.

वाटेत सगळं जुळवून आणलं होतं, ते सगळं विसरलं. मी म्हणालो, "दादा, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं. आबांसमोर. नांगर माझ्याकडं होता म्हणून."

भाजीवाली आम्हा दोघांकडं बघायला लागली. दादानं जुडी पिशवीत टाकली, तिचे पैसे दिले, सुट्टे परत घेतले, खिशात ठेवले.

मग म्हणाला, "तू बोलशील म्हणून मी थांबलो हुतो. लई वेळ थांबलो. मग मी बोललो."

राग नव्हता आवाजात. राग असता तर मी पाय धरले असते, रडलो असतो, काहीतरी केलं असतं. त्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि स्टँडच्या दिशेला मान केली.

"दौंडची गाडी लागली आसंल," म्हणाला. "जा."

घरी चल, असं तो म्हणाला नाही.